ती कविता कुठे उभी होती? प्राचीन ग्रीकांची कविता, वस्तू आणि जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवितेचा आणि मडक्यांचा काय संबंध? हे दोन वेगळे विषय नाहीत का?

विद्यापीठात वेगळे आहेत. कविता भाषेच्या विभागात शिकवतात, मडकी पुरातत्त्वाच्या. पण इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकातल्या ग्रीक माणसाला कविता क्वचितच पानावर भेटायची. तो ती ऐकायचा, गायचा, तिच्यावर नाचायचा, नाहीतर रस्त्याकडेच्या थडग्यापाशी थांबून दगडावरची अक्षरं मोठ्यानं लावायचा. प्रत्येक कवितेला पत्ता होता. एखादी मेजवानीच्या खोलीतली, एखादी देवळापुढच्या पटांगणातली, एखादी पेल्याच्या अंगावरची. पत्ता हरवला की कविता अर्धी कळते, म्हणून 'कवीला काय म्हणायचंय?' याच्या आधी मी 'हे कुठे म्हटलं गेलं?' हे विचारतो.

सर्वांत जुनी ग्रीक ओळ कुठे बघायला मिळते?

अगदी पहिली कोणती, यावर पैज लावू नये. पण फार जुन्यांपैकी एक अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. १८७१ मध्ये अथेन्सच्या दिपिलोन वेशीजवळच्या स्मशानभूमीत मद्य ओतायची एक सुरई सापडली. काळ साधारण इ.स.पू. ७४०. भाजून झालेल्या सुरईच्या खांद्यावर कुणीतरी टोकदार वस्तूनं, उजवीकडून डावीकडे, ओळ कोरली आहे: 'आता सगळ्या नाचणाऱ्यांत जो सर्वांत हलक्या पायांनी नाचेल, त्याची ही...' पुढची अक्षरं नीट लागत नाहीत. वृत्त मात्र इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांचा कवी होमर याचंच, षट्पदी. म्हणजे सुरई बक्षीस होती, स्पर्धा नाचाची होती, आणि बक्षिसावर लिहायचं तर महाकाव्याच्या चालीतच लिहावं असं त्या माणसाला वाटलं.

त्याच सुमाराचा दुसरा नमुना मला जास्त आवडतो, कारण त्यात विनोद आहे. इटलीच्या किनाऱ्यालगतच्या इस्किया बेटावर ग्रीकांची पिथेकूसाय नावाची वसाहत होती. तिथल्या एका थडग्यात १९५४ मध्ये मातीच्या पेल्याचे तुकडे मिळाले. जोडल्यावर दोन कानांचा, हातात सहज मावणारा साधा पेला तयार झाला. त्यावर तीन ओळी आहेत: मी नेस्टरचा पेला, प्यायला छान; जो या पेल्यातून पिईल, त्याला तत्काळ सुंदर मुकुटाच्या आफ्रोदितेची, म्हणजे प्रेमदेवतेची, ओढ लागेल.

इलियडच्या अकराव्या सर्गातला नेस्टर राजाचा पेला कसा आहे? सोन्याच्या खिळ्यांनी मढवलेला, चार कानांचा, प्रत्येक कानापाशी सोन्याची दोन-दोन कबुतरं. भरलेला असला की दुसऱ्या कुणाला तो टेबलावरून हलवणं जड जाई, म्हातारा नेस्टर मात्र लीलया उचले. आता हा मातीचा पेला हातात घ्या आणि ओळ वाचा. 'मी नेस्टरचा!' बैठकीत हशा पिकला असणार. नेस्टर नावाचा कुणी साधा मालक असण्याचीही शक्यता अभ्यासक मांडतात, पण पुढच्या दोन ओळी महाकाव्याच्या वृत्तात आहेत, त्यामुळे मी थट्टेच्या बाजूनं आहे. हे थडगं लहान मुलाचं, असं बराच काळ मानलं जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाडांच्या अभ्यासानं तिथे एकाहून अधिक प्रौढांचे आणि प्राण्यांचेही अवशेष असल्याचं दाखवलं. पोराच्या थडग्यात प्रेमाचा पेला कसा, यावर पूर्वी लिहिलेलं बरंच काही त्यामुळे बाद झालं.

वस्तू 'मी' कशी काय म्हणते?

हा प्रश्न विषयाच्या गाभ्याचा आहे, म्हणून थोडं थांबून.

जुन्या ग्रीक वस्तू सर्रास बोलतात. 'मला अमक्यानं घडवलं', 'मी तमक्याचा', 'मला अमकीनं देवीला वाहिलं'. आपल्याला ही कविकल्पना वाटते. पण त्या काळी वाचणं म्हणजे बहुधा मोठ्यानं वाचणं, आणि मोठ्यानं वाचायचं तर आवाज वाचणाऱ्याचा लागतो. वाटसरू थांबतो, अक्षर लावतो, 'मी' म्हणतो, आणि तेवढ्यापुरता आपला गळा दगडाला उसना देतो.

फ्रासिक्लेइयाची मूर्ती घ्या. अथेन्सच्या बाहेर मेरेंदा इथे १९७२ मध्ये एका खड्ड्यात एका तरुणाच्या पुतळ्याशेजारी निजवलेली ही संगमरवरी मुलगी सापडली. काळ इ.स.पू. ५५०-५४० च्या आसपास. डोक्यावर कमळांचा मुकुट, डाव्या हातात न उमललेली कळी, उजव्या हातानं वस्त्राची घडी धरलेली. मौज अशी की तिचा चौथरा आधीच माहीत होता. तो जवळच्याच एका चर्चच्या बांधकामात बसवलेला होता. मूर्ती मिळाली आणि दोन्ही जुळले. चौथऱ्यावर लिहिलं आहे:

'फ्रासिक्लेइयाची खूण. मला कायम कुमारीच म्हणतील;
लग्नाऐवजी देवांकडून हेच नाव माझ्या वाट्याला आलं.'

मूळ शब्द 'कोरे'. लग्न न झालेली मुलगी. लग्न झालं की हे नाव जातं; हिचं कधीच जाणार नाही, कारण ती आधीच मेली. हातातली कळीही उमलायची राहिली. आणि तिच्या नावातच 'क्लेओस' आहे: कीर्ती, म्हणजे जे कानांवर पडतं ते. वाटसरूनं ओळी उच्चारल्या की तेवढ्यापुरती ती कीर्ती कानांवर पडते. नाव, फूल, दगड, रस्ता आणि अनोळखी माणसाचा आवाज असे पाच घटक एकत्र आल्याशिवाय ही दोन ओळींची कविता पुरी होत नाही. छापील संग्रहात त्यांतलं एक नाव तेवढं उरतं.

होमरनं वर्णन केलेली घरं आणि वस्तू खऱ्या होत्या का?

काही खऱ्या, पण एका काळच्या नव्हेत. इलियडच्या दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो. असं शिरस्त्राण कांस्ययुगातल्या मायसिनी संस्कृतीच्या थडग्यांत मिळालं आहे, म्हणजे कविता आज आपल्या हाती आहे त्या रूपात येण्याच्या कित्येक शतकं आधीचं. उलट मायसिनीच्या लोकांनी आपले बडे लोक बहुधा पुरले. होमरचे वीर सरणावर जळतात. गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी वस्तू जपल्या, मिसळल्या, काही नव्यानं रचल्या. जुन्या वाड्यात पणजीच्या पितळी डब्याशेजारी मिक्सर असतो, तसं.

जागेबद्दल विचाराल तर ओडिसीचा तेविसावा सर्ग वाचा. वीस वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला पेनेलोपी ओळख देत नाही. ती दासीला सहज सांगते, यांचा पलंग बाहेर काढून घाल. ओडिसियस भडकतो: पलंग हलेलच कसा? जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाभोवती मी खोली बांधली, त्याच खोडाचा पाया केला! तिची खात्री पटते. संपूर्ण महाकाव्यभर माणसं, जहाजं, बेटं हलत राहतात. न हलणारी वस्तू एकच, आणि ती दोघांनाच माहीत. (दासी आक्टोरिसलाही माहीत होती, असं होमर प्रामाणिकपणे सांगतो.)

सिम्पोसिऑन म्हणजे दारूची पार्टीच ना?

दारू होती, पण पाणी घालून. पाणी न घालता पिणं हे रानटीपणाचं लक्षण समजत. मद्य आणि पाणी ज्या मोठ्या भांड्यात मिसळत, तो क्रातेर.

खोलीकडे बघा. तिला अंद्रोन म्हणत, पुरुषांची बैठक. साधारण चौकोनी, भिंतींना लागून पलंग, बहुधा सात. सात पलंग एकाच्या उशाला दुसऱ्याचं पायथं अशा रीतीनं बसवायचे तर दार भिंतीच्या मधोमध येत नाही, एका बाजूला सरकतं. उत्खननात भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्या तरी दाराच्या या सरकण्यावरून आणि पलंगांसाठी किंचित उंच ठेवलेल्या काठावरून बैठक ओळखता येते. डाव्या कोपरावर रेलायचं, उजवा हात मोकळा. सगळ्यांची तोंडं मधल्या मोकळ्या जागेकडे. उठून उभं राहायला व्यासपीठ नाही. पेला उजवीकडे फिरतो, गाणंही तसंच फिरतं. मर्टल या झुडपाची डहाळी ज्याच्या हाती येईल त्यानं पुढची ओळ म्हणायची. आपल्या भेंड्या जिला ठाऊक आहेत तिला हा ताण वेगळा समजावायला नको.

अशा खोलीत म्हटलेल्या कविता पुष्कळदा त्या खोलीचंच वर्णन करतात. क्सेनोफानीस हा कवी सुरुवात करतो: आता जमीन स्वच्छ आहे, सगळ्यांचे हात स्वच्छ, पेले स्वच्छ, मधोमध आनंदानं भरलेला क्रातेर उभा आहे. ऐकणारे सगळे ते समोर बघतच असतात, मग सांगायचं कशाला? कारण सांगितल्यामुळे नुसती आवरलेली खोली विधीची जागा होते. लेस्बॉस बेटावरच्या अल्काइयोस या कवीची एक कविता तर भिंतींवरून नजर फिरवते: घोड्याच्या पांढऱ्या केसांचे तुरे लावलेली शिरस्त्राणं, खुंट्यांवरची पोटऱ्यांची चिलखतं, तागाची उरस्त्राणं, ढाली, खाल्किसच्या तलवारी. आणि शेवटी: ज्या कामाला आपण उभे राहिलो, त्यात हे विसरून चालणार नाही. त्याचे राजकीय हाडवैरी गावातच होते. पिण्याच्या बैठकीत शस्त्रं मोजून दाखवणं म्हणजे काय, हे बसलेल्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

भांडीही या खेळात सामील. एक्सेकियास या अथेन्सच्या कुंभार-चित्रकारानं एका मोठ्या मिश्रणपात्राच्या तोंडाच्या आतल्या कडेला गलबतं रंगवली. पात्र काठोकाठ भरलं की ती मद्यावर तरंगतात. होमर समुद्राला 'मद्याच्या रंगाचा' म्हणतो. हे भांडं ते विशेषण उलटं फिरवतं. हे आज रोममधल्या व्हिला जूलिया संग्रहालयात आहे, अर्थात रिकामं.

स्त्रिया कुठे असत?

बैठकीत घरच्या बायका नसत. बासरी वाजवणाऱ्या आणि हेताइरा, म्हणजे गणिका, असत. घराच्या आत काय चाले ते सांगणं जरा गुंतागुंतीचं.

ग्रंथ सांगतात, स्त्रियांचा भाग वेगळा. लिसियास या भाषणलेखकानं एका खुनाच्या खटल्यासाठी लिहून दिलेल्या भाषणात आरोपी घराचा नकाशाच मांडतो: घर दुमजली, वर बायका, खाली पुरुष. मूल झालं, त्याला न्हाऊ घालायला बायकोनं जिना उतरायचा म्हणजे पडायची भीती, म्हणून आम्ही मजले बदलले. मी वर, ती खाली. रस्त्याकडचं दार तिच्या हाताशी आलं, आणि प्रियकराची वाट मोकळी झाली. नियम इतका लवचीक की एका तान्ह्या पोरानं तो उलटवला.

जमिनीतलं चित्रही असंच. उत्तर ग्रीसमधलं ओलिंथस शहर मॅसेडोनियाच्या फिलिपनं इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं, त्यामुळे घरं होती त्या अवस्थेत राहिली. १९२८ ते १९३८ दरम्यान तिथे शंभरावर घरं खणली गेली. बैठकीची खोली फरशीवरून सहज ओळखू येते. 'स्त्रियांची खोली' अशी ठसठशीत सापडत नाही. सापडतात ती मागाची मातीची वजनं, आणि तीही कधी या खोलीत, कधी त्या, कधी चौकाजवळ, जिथे उजेड असेल तिथे. एका गोष्टीवर जागेचा शिक्का पक्का बसलेला, दुसरी घरभर पसरलेली.

त्या मागापाशीही कविता होती. लेस्बॉसचीच कवयित्री साफो हिच्या दोन ओळी उरल्या आहेत: गोड आई गं, मला माग चालवणं होत नाही, त्या मुलाच्या ओढीनं नाजूक आफ्रोदितेनं मला हतबल केलंय. साफोची म्हणून गणली तरी चाल कामकरी गाण्याची आहे. आणि लेस्बॉसच्याच एरेसोस गावात एक बाई जात्यावर म्हणत होती, असं प्लुटार्क हा प्राचीन लेखक नोंदवतो: 'दळ, जात्या, दळ, पिटाकोसही दळतो, थोर मितिलीनीचा राजा.' पिटाकोस म्हणजे अल्काइयोसच्या त्या हाडवैऱ्यांपैकीच एक. बैठकीत बड्या घरचे पुरुष त्याला शिव्या घालत. जात्यापाशी बाई त्याला आपल्याबरोबर दळायला बसवते. ओवीचा कान असलेल्या मराठी वाचकाला हा टोला लगेच लागेल.

साफोच्या बागेबद्दल ऐकलंय. ती काय आहे?

एक खापर आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराला कुणीतरी फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर, चुका करत, साफोची कविता लिहून काढली. ती १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. खापर आज फ्लॉरेन्समध्ये आहे.

कवितेत साफो आफ्रोदितेला क्रीटहून इकडे बोलावते, या पवित्र देवळापाशी. इथे सफरचंदांची राई आहे, वेद्यांवर धूप जळतोय, फांद्यांमधून गार पाणी खळखळतंय, गुलाबांची सावली पसरलीय, आणि थरथरत्या पानांतून झोप खाली ओघळतेय.

क्रम पाहण्यासारखा आहे: आधी झाडं, मग वास, मग पाण्याचा आवाज, मग सावली, शेवटी अंगात उतरणारी गुंगी. देवी यायच्या आधीच तिची जागा कवितेनं सिद्ध करून ठेवली. शेवटी देवी सोन्याच्या पेल्यांत अमृत ओतते, म्हणजे यजमान आणि पाहुणी यांची अदलाबदल होते. लेस्बॉसवरची ही राई नक्की कुठली, हे शोधत बसण्यात मला रस नाही. इजिप्तच्या उन्हात खापरीवर 'गार पाणी' लिहिणारा तो हात मात्र सारखा आठवतो.

पिंडार मूर्तिकारांवर चिडलेला होता का?

पिंडार हा विजेत्यांवर गाणी रचणारा कवी, तेव्हा धंद्यातली स्पर्धा होती. खेळात जिंकलेल्याचं नाव टिकवायचे दोन मार्ग: पुतळा उभारा नाहीतर गाणं करवून घ्या. एजिना बेटावरच्या लाम्पोनचा मुलगा पिथेआस नेमेआच्या स्पर्धेत जिंकला. प्राचीन टीकाकार गोष्ट सांगतात, की पिंडारनं ३,००० द्राख्मा मागितले. घरचे म्हणाले, एवढ्यात ब्राँझचा पुतळा होईल. मग मन बदललं आणि परत आले. गोष्ट रचलेली असेल, पण गाण्याची सुरुवात तिला साजेशी आहे. मी काही मूर्तिकार नव्हे, की चौथऱ्यावर जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या मूर्ती घडवीन; जा, माझ्या गाण्या, एजिनाहून निघणाऱ्या प्रत्येक गलबतावर, प्रत्येक होडीवर बसून जा!

हा टोमणा एजिनावर मारला आहे, हे लक्षात घ्या. हे बेट मूर्तिकारांचं आणि दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं. तिथल्या अफाइयाच्या देवळाच्या मूर्ती आज म्यूनिकमध्ये आहेत, म्हणजे पुतळेही शेवटी बोटीत बसलेच. पिंडारला हे कळतं तर तो हसला असता की चिडला असता, सांगता येत नाही. उलट ऱ्होड्स बेटावरच्या दियागोरास या विजेत्या मुष्टियोद्ध्यावर रचलेलं त्याचं गाणं लिंडोसच्या देवळात सोन्याच्या अक्षरांत लावलं होतं, अशी जुनी नोंद आहे. तेव्हा गाणंही चौथऱ्यावर चढलं.

एपिदावरोसच्या नाट्यगृहात टाचणी पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, हे खरं?

नाही. २०१७ मध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे मोजमाप केलं. मोठ्यानं बोललेलं शेवटपर्यंत पोहोचतं, कुजबूज पोहोचत नाही. नाट्यगृह उत्तमच आहे, गाईड मंडळी थोडी चढवून सांगतात इतकंच. शिवाय ते इ.स.पू. चौथ्या शतकातलं, एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस या पाचव्या शतकातल्या नाटककारांनी ते पाहिलंच नाही. त्यांचे प्रेक्षक अथेन्सच्या आक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, बरेचसे लाकडी बाकांवर बसत.

त्या उतारावर बसण्यालाही अर्थ होता. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी आक्रोपोलिस जाळली. आठ वर्षांनी, ४७२ मध्ये, एस्किलसचं 'पर्शियन' रंगलं: हरलेल्या इराणी दरबाराचा शोक. प्रेक्षकांसमोर शत्रूची राजधानी, आणि पाठीमागे वर टेकडीवर स्वतःची जळकी देवळं. नाटकात ती देवळं दाखवायची गरजच नव्हती.

पुतळे पांढरे होते ना?

रंगीत होते. फ्रासिक्लेइयाच्या वस्त्रावर तांबड्या रंगाच्या खुणा आजही आहेत. युरिपिडीसच्या नाटकातली, सौंदर्यामुळे संकटात सापडलेली हेलन म्हणते, चित्रातला रंग पुसावा तशी मी पुसली गेले असते आणि साधं रूप मिळालं असतं तर बरं! पांढऱ्या पुतळ्यांच्या जगात हे वाक्य सुचलं नसतं.

रस्त्यांवर कविता असायच्या का?

थडग्यांखेरीजही असत. अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्त्रातोस याचा मुलगा हिप्पार्कोस यानं अथेन्स आणि आसपासची गावं यांच्या निम्म्या वाटेवर हर्मीस या देवाचे खांब उभारले. एका बाजूला तुम्ही कुठल्या गावांच्या मध्ये आहात ते, दुसऱ्या बाजूला उपदेश: 'हे हिप्पार्कोसचं स्मारक, न्यायानं विचार करत चाल', 'मित्राला फसवू नकोस'. मैलाचा दगड, सुविचार आणि राजकीय फलक, तिन्ही एकाच खांबात. शेवटी हिप्पार्कोसचा खून झाला.

महाराष्ट्रात यातलं काही बघायला मिळेल का?

कविता नाही, वस्तू मिळेल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली. ती रोमन काळातली, पण घडण ग्रीक परंपरेतली. टाऊन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या 'यवनांनी' खांब दान केल्याचे ब्राह्मी लेख आहेत. हे यवन सगळे ग्रीकच असं धरून चालू नका. काहींची नावं पुरती इथली आहेत. पण खांबापाशी उभं राहून त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला हरकत नाही.

संग्रहालयात काचेआडचा पेला बघताना काय बघू?

पेला बहुधा आडवा, चित्र दिसेल असा मांडलेला असतो, म्हणजे कुणी कधीच धरला नसेल तसा. मनात तो उचला. पसरट पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पुष्कळदा दोन मोठे डोळे असतात. पिणारा पेला तोंडाशी तिरपा करतो तेव्हा कान कानांच्या जागी येतात, बूड तोंडाच्या जागी, आणि समोरच्या पलंगावरच्या माणसाला एक मुखवटा दिसतो. पिणाऱ्याला मात्र वेगळंच दिसत असतं. आत तळाशी एक गोल चित्र असतं, मद्यात बुडालेलं. ते घोटाघोटानं वर येतं: कधी मद्याचा देव दिओनिसॉस, कधी धावणारा मुलगा, कधी प्यायलेला माणूस ओकतोय आणि कुणीतरी त्याचं कपाळ धरलंय.